तामेरकोस्कीच्या काठी



फिनलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ, सरोवरे आणि सूचिपर्णी अरण्ये उभी राहतात. आज मात्र त्या देशातील एका गिरणगावाची हकीकत मी सांगणार आहे. गावाचे नाव तांपेरे. इचलकरंजीला आपण जसे महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो, तसे या गावाला फिनलंडचे मँचेस्टर म्हणत आले आहेत. तेथील माणसे तर लाडाने आपल्या गावाला ‘मान्से’ असेच म्हणतात.

गावाच्या उत्तरेला नॅसियार्वी आणि दक्षिणेला प्युहायार्वी अशी दोन विस्तीर्ण सरोवरे आहेत. पहिल्याची पातळी दुसऱ्याहून सुमारे 18 मीटर उंच. हे सारे पाणी जेमतेम दोन किलोमीटरच्या अंतरात खळाळत खाली येते, त्या प्रवाहाला म्हणतात तामेरकोस्की. ‘कोस्की’ म्हणजे उतारावरून धावणारे पाणी. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने 1779 साली येथे गाव वसवले ते या पाण्यासाठीच. पुढे 1809 मध्ये फिनलंड रशियाच्या झारकडे गेला आणि 1820 साली पीटर्सबर्गहून जेम्स फिनलेसन नावाचा एक स्कॉटिश यंत्रकारागीर येथे आला. त्याने या पाण्यावर कारखाना उभारला. धंद्यात त्याला फारसे यश आले नाही. 1836 मध्ये त्याने कारखाना विकला व तो मायदेशी निघून गेला. नवे मालक श्रीमंत होते, पण नाव त्यांनी जुनेच ठेवले. त्यामुळे ज्याच्या हाती शेवटी काही उरले नाही त्याचेच नाव गावाच्या तोंडी कायम राहिले!

नव्या मालकांनी 1837 मध्ये सहा मजली गिरणी बांधली. लाकडी, बैठ्या घरांच्या त्या गावाला हे केवढे नवल वाटले असेल! लोकांनी तिला नावच ‘सहा मजली’ असे दिले. 1877 मध्ये बांधलेल्या विणकामाच्या प्रचंड दालनाला त्या वर्षी गाजत असलेल्या वेढ्यावरून ‘प्लेव्हना’ म्हणू लागले, आणि 15 मार्च 1882 रोजी त्याच दालनात एडिसनचे विजेचे दिवे लागले. प्रवाशांना ही तारीख अगत्याने सांगतात. दिवे लागल्यामुळे हिवाळ्याच्या दीर्घ अंधारातही माग चालू ठेवणे सोयीचे झाले, हे मात्र सांगण्यात बहुधा राहून जाते.

त्या मागांवर कोण होते? बहुसंख्य स्त्रिया, आणि कितीतरी मुले. तुटलेला धागा सांधायला लहान बोटे लागत, यंत्राखालून सरपटायला लहान अंग लागे. गिरणीने मुलांसाठी शाळा काढली होती ही गोष्ट खरी; पण ती मुले आधी कामगार होती आणि मग विद्यार्थी. बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेऊ नये असा कायदा फिनलंडमध्ये झाला तो 1889 साली, म्हणजे सहा मजली गिरणी उभी राहिल्यानंतर 52 वर्षांनी.

आता गावाच्या मधोमध असलेल्या हॅमेनसिल्टा या पुलावर येऊ. 1929 मध्ये तो नव्याने बांधला तेव्हा एका कारखानदाराच्या देणगीतून त्यावर व्हॅइनो आल्टोनेन या शिल्पकाराचे चार पुतळे बसवण्यात आले. शिकारी, व्यापारी, करवसुली करणारा आणि फिनलंडची कुमारिका. पुतळे देखणे आहेत, त्यांत शंका नाही. पण एका बाजूस गिरणीची धुराडी दिसत असताना पुलावर एकही गिरणकामगार नसावा, हे पाहून मन थोडे खट्टू होते. मध्ययुगातील करवसुली करणाऱ्यासही जागा मिळाली, सूत कातणारीला नाही.

मग तिला शोधायचे कोठे? मी म्हणेन, आमुरी या वस्तीत. गिरणीच्या पश्चिमेला ही कामगारांची लाकडी घरे होती. चार कुटुंबांना चार खोल्या आणि चौघांत मिळून एकच स्वयंपाकघर. एक चूल, चार भांड्यांचे संच, चार गृहिणी. त्या स्वयंपाकघरात कोणत्या मुलाला कोणाच्या घरचा खाऊ मिळाला याचा हिशेब कोण ठेवणार? आपल्या चाळीतल्या सामाईक गॅलरीत वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. आमुरीचा बराचसा भाग पाडून पुढे उंच इमारती झाल्या. एक तुकडा संग्रहालय म्हणून राखला आहे.

आणि मुले? ती देवळात आहेत! लार्स सोंक या वास्तुकाराने बांधलेले दगडी चर्च 1907 मध्ये पुरे झाले. तेच आजचे कॅथीड्रल. आतील बरीच चित्रे ह्यूगो सिंबेर्ग याची. सज्जाच्या कठड्यावर बारा उघडीनागडी मुले गुलाबांची एक लांबच लांब माळ खांद्यावर वाहून नेत आहेत. कोणी सहज चालला आहे, कोणी ओझ्याखाली वाकला आहे. चित्रासाठी उभी राहिली ती गावातलीच मुले. दुसऱ्या चित्रात दोन मुलगे एका जखमी देवदूताला डोलीवरून नेतात, आणि पाठीमागे कारखान्यांची धुराडी दिसतात. नग्न मुलांवरून आणि छतावरील सर्पावरून तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. देवळात कामगारवस्तीची पोरे आली हेही काहींना रुचले नसेल, असा माझा तर्क आहे.

या चित्रांचा रंग वाळून अकरा वर्षेही झाली नव्हती तोच 1918 चे यादवी युद्ध आले. तांपेरे हा लाल पक्षाचा बालेकिल्ला. मान्नरहाइमच्या पांढऱ्या सैन्याने 6 एप्रिल 1918 रोजी तो घेतला. दहा हजारांच्या आसपास माणसे कैद झाली, अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. एकाच गल्लीत जिंकलेल्यांची आणि हरलेल्यांची मुले पुढे एकत्र वाढली. घरात या विषयावर बोलणे टाळले जाई, आणि मुलांना तर न बोललेलेच अधिक ऐकू येते.

त्या मुलांपैकी एकाने ते लिहून ठेवले. दोन सरोवरांच्या मधल्या खडीच्या उंच कण्यावर, गावाच्या हद्दीबाहेर, कामगारांनी स्वतःच्या हातांनी घरे बांधून पिस्पाला ही वस्ती उभी केली होती; ती शहरात सामील झाली 1937 साली. तेथे डिसेंबर 1916 मध्ये लाउरी वीटा जन्मला. लढाईच्या वेळी तो दीड वर्षाचाही नव्हता. म्हणजे त्याच्या आठवणी या डोळ्यांच्या नव्हेत, कानांच्या. त्यांतून 1950 मध्ये ‘मोरेनी’ ही कादंबरी आली. हिमनदी ओसरताना मागे टाकून जाते त्या दगडमातीच्या ढिगाऱ्याला भूगोलात हे नाव आहे, आणि पिस्पाला हिमयुगाच्या अशाच खडीवर उभे आहे.

फिनलेसनच्या दालनांतून आता सूत निघत नाही. प्लेव्हनामध्ये चित्रपटगृह व उपाहारगृह आहे, आवारात कामगारांचे संग्रहालय आहे. याच गिरणीत व्हॅइनो लिन्ना यंत्रकामगार होता आणि येथील नोकरी सांभाळून त्याने 1954 साली युद्धावरील आपली गाजलेली कादंबरी प्रसिद्ध केली. प्रवासी बहुधा इथूनच परत फिरतात. त्यांनी पश्चिमेकडे थोडे पुढे जाऊन पिस्पालाच्या लाकडी पायऱ्या चढाव्यात. तेथे उतारावर एक लहानसे घर संग्रहालय म्हणून राखले आहे. ते वीटाच्या सुतार बापाने बांधलेले आहे.