सार्वजनिक शाळांतील मुक्त प्रवेश (कुलाबा जिल्हा)

सरकारी खर्चाने चालणारी शाळा सर्व जातींच्या मुलांस खुली असावी, या तत्त्वाचा आणि पालकास त्यावरून सांगता येणाऱ्या हक्काचा इतिहास. कुलाबा जिल्ह्यात (१ जानेवारी १९८१ पासून रायगड) तो सावित्रीकाठच्या महाड परिसरात विशेष ठळकपणे दिसतो.

धारवाडच्या सरकारी शाळेने १८५६ मध्ये एका महार मुलास प्रवेश नाकारला व मुंबई सरकारने त्यात हस्तक्षेप केला नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने मात्र १८५८ च्या खलित्यात सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी असल्याचे बजावले. हंटर आयोगाने (१८८२) याचा पुनरुच्चार केला. पण अंमल सावधपणे करावा, असेही सुचविले. या सावधपणाच्या आधारे अनेक शाळांची दारे बंदच राहिली. महाडजवळचे रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३–७२) यांना १९१४ च्या सुमारास शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळेना. तक्रार वृत्तपत्रात प्रसिद्ध झाल्यावरच तो मिळाला.

मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झालेला सीताराम केशव बोले यांचा ठराव पाणवठ्यांसाठीच आठवला जातो. सार्वजनिक शाळांचाही त्यात स्पष्ट उल्लेख होता. ठराव म्हणजे कायदा नव्हे. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण अधिनियमाने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला, म्हणजे बहुधा गावातील वरिष्ठ वर्गांच्याच हाती. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तोही कागदावरच राहिला. तेव्हा ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव बोले यांनी १९२६ मध्ये आणला. मोरे प्रभृतींनी योजिलेल्या महाड परिषदेनंतर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तळ्याचा सत्याग्रह झाला.

पुढे १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने सक्तीच्या क्षेत्रात मुलास शाळेत पाठविणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले, तर संविधानाच्या २९ (२) अनुच्छेदाने राज्याच्या व अनुदानित संस्थांत धर्म, वंश, जात वा भाषा एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. खाजगी विनाअनुदानित शाळांच्या आरंभीच्या वर्गात दुर्बल व वंचित गटांतील मुलांसाठी किमान २५ टक्के जागा २००९ च्या बालहक्क अधिनियमाने ठेवल्या. सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील अशा शाळांना त्यातून वगळणारी महाराष्ट्र शासनाची फेब्रुवारी २०२४ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी रद्द ठरविली.