रोझेशिया: चेहरा कुणाचा आणि व्याख्या कुणाची?

पोलादपूरची माझी मावशी चुलीसमोर भाकऱ्या करायला बसली की म्हणायची, "तोंडाला तिखट फासल्यागत होतंय बाय." गालांवर वांग आले म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून तिने मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. महिन्याभरात चेहरा उजळला, म्हणून ती चार वर्षं लावत राहिली. बंद केलं की आग आणि पुटकुळ्या, पुन्हा लावलं की आराम. शेवटी महाडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि सांगितलं, "स्टिरॉइडमुळे झालेला रोझेशिया आहे हा." मी एम.एस्सी. झालेली, पण हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होते.

रोझेशिया हा चेहऱ्याचा दीर्घकाळ चालणारा आजार. गाल, नाक, कपाळ, हनुवटी लाल होते. आधी लाली येते-जाते, मग मुक्कामालाच राहते. पुटकुळ्या येतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, काहींचे डोळे चुरचुरतात, काहींच्या नाकाची त्वचा जाड होते. ऊन, उष्णता, तिखट आणि दारू यांनी तो उसळतो. तो मुळापासून जात नाही, पण आटोक्यात ठेवता येतो.

आता थोडा इतिहास. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या गी द शोलियाक या शल्यवैद्याने अशा लाल चेहऱ्यांबद्दल लिहिलं. 1490 च्या सुमारास गिरलांदायो या इटालियन चित्रकाराने गाठाळ नाकाचा एक म्हातारा रंगवला. ते चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या विलन आणि बेटमन यांच्या वर्गीकरणात 'अ‍ॅक्ने रोझेशिया' आला. 2002 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने त्याचे चार उपप्रकार ठरवले. 2017 मध्ये ते मागे पडून प्रत्यक्ष दिसणाऱ्या लक्षणांवर भर आला. पण नावापासून निकषांपर्यंत सगळं फिरतं ते लालीभोवती, आणि ती लाली आधी पाहिली गेली गोऱ्या चेहऱ्यांवर. सावळ्या त्वचेवर ती पटकन दिसत नाही. मग निदान 'पिंपल' किंवा 'अ‍ॅलर्जी' असं होतं.

दुसरा धागा औषधाचा. 1952 मध्ये त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन आलं आणि त्यानंतर अधिक तीव्र स्टिरॉइडं. ती रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून चेहरा लगेच शांत आणि उजळ दिसतो. पण वापर लांबला की त्वचा पातळ होते आणि औषध थांबवताच लाली दुप्पट जोराने परतते. 1974 मध्ये क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी याच अवस्थेवर 'स्टिरॉइड रोझेशिया' या नावाने निबंध लिहिला. गंमत बघा, 1975 मध्ये त्याच क्लिगमननी वांगासाठी जे मिश्रण सुचवलं, त्यात एक स्टिरॉइड होतं! डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजके दिवस, ते औषधच आहे. देखरेख सुटली की मावशीची ट्यूब होते.

भारतात 2011 मध्ये बारा केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. 2018 मध्ये सरकारने 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई. (कुणी लावत असेल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.)

संशोधनाची तयारी करताना यातून काय घ्यायचं? नमुना निवडण्याआधी निकष कुणाकडे बघून ठरले ते तपासा. निकषात फक्त 'लाली दिसते का' असेल, तर माझी मावशी तुमच्या तक्त्यात येणारच नाही. 'जळजळ होते का? कधी होते? काय लावता?' हे विचारलंत तर येईल. आमच्या महाड तालुक्यातल्याच बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून नोंदी केल्या आणि 1982 मध्ये त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तिथे मोठी प्रयोगशाळा नव्हती. समोरच्या माणसाला काय होतंय, ते नीट लिहून घेतलं होतं.

मावशीची आग कमी व्हायला सात-आठ महिने लागले. वांग अजून आहेत. ती म्हणते, "असू देत, चुलीसमोर बसता येतंय ना."