वृक्षवैद्याची करवत आणि दोर



शाळेच्या कौलांवर ओणवलेली आंब्याची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर उतरवायची झाली, की पूर्वी गावातला लाकूडतोड्या खांद्यावर कुऱ्हाड टाकून येई. आता बहुधा येते ती पेट्रोलवर चालणारी, कानठळ्या बसवणारी साखळीची करवत. चेनसॉ म्हणून आता ती खेड्यापाड्यांतही सर्वांच्या ओळखीची झाली आहे. दिवसभराचे काम ती तासाभरात उरकते. परंतु काम जितक्या झपाट्याने होते, तितक्याच झपाट्याने घातही होतो. तो टाळायचा कसा, हे या यंत्राचा इतिहासच आपल्याला सांगतो.

ऐकून नवल वाटेल, पण साखळीला दात बसवून कापण्याची युक्ती प्रथम निघाली ती रानात नव्हे, शल्यवैद्यांच्या हाती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडमधील दोन डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी दातेरी बारीक साखळी योजली. दोन टोकांना दोन मुठी, आणि हातांनी आलटून पालटून ओढायची. अडलेल्या बाळंतपणात किंवा सडलेले हाड काढताना तिचा उपयोग होई. लाकूड कापणारी करवत काही तिची थेट लेक नव्हे. पण शल्यवैद्याचे हत्यार स्वच्छ आणि धारदारच हवे, हा धडा दोघींनाही लागू आहे.

लाकडासाठी हे यंत्र रुळवणाऱ्यांत जर्मनीतील आन्द्रेआस श्टील यांचे नाव ठळक आहे. त्यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळीची करवत बनवली. तिचे वजन होते ६४ किलो! ती उचलायला दोन माणसे लागत. १९२९ साली पेट्रोलवर चालणारी आली, ती ४६ किलोंची. पुढे १९५९ मध्ये त्याच कारखान्याची सुमारे १२ किलोंची करवत निघाली, आणि एकटा माणूस ती सहज वागवू लागला.

इंजिन सुधारले, पण दातांचे काय? पूर्वीच्या साखळीचे दात हातकरवतीच्या दातांची नक्कल होते. ते लवकर बोथट होत, आणि कानस मारता मारता माणूस मेटाकुटीला येई. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा गृहस्थ रानात लाकूडतोडीचे काम करी. १९४६ साली एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना त्याला दिसली. आडवे असो वा उभे, लाकूड ती सारख्याच सहजतेने खात होती. तिचे वाकडे जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालत. कॉक्सने तसेच वाकडे दात, एक डावा एक उजवा, साखळीला बसवले आणि १९४७ साली ती साखळी विकायला काढली. आजच्या बहुतेक साखळ्या याच घराण्यातल्या. एवढ्याशा अळीने माणसाला गुरुमंत्र दिला म्हणा ना!

पण दात चांगला असून भागत नाही, तो राखावा लागतो. धार आहे की नाही हे कसे ओळखावे? खाली पडणारा भुसा पाहावा. धारदार दात लाकडाचे टवके काढतो. बोथट दात पिठासारखी भुकटी पाडतो, आणि मग माणूस करवत दाबू लागतो. तिथेच धोका असतो. दाबता दाबता पात्याच्या टोकाची वरची बाजू कुठे टेकली, की करवत क्षणार्धात उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणूनच १९७० नंतरच्या दशकात साखळी तत्काळ थांबवणारा ब्रेक या यंत्राला जोडला गेला. तो चालतो की नाही, हे रोज काम सुरू करण्यापूर्वी पाहावे. इंजिन बंद करून गोल कानस प्रत्येक दाताला एकाच कोनात आणि सारख्याच वेळा मारावी. दातापुढचा उंचवटा धारेपेक्षा किंचित खाली असावा लागतो, नेहमीच्या साखळीत सुमारे ०.६५ मिलिमीटर. साखळी पात्याला लगटून बसावी, तरी हाताने ओढता सरकावी. पात्याला तेल पोचते की नाही, हेही पाहावे.

आता दोराकडे वळू. इंग्लंडात १८४६ साली जन्मलेले जॉन डेव्ही पुढे अमेरिकेत गेले आणि झाडांचे दवापाणी करू लागले. १९०१ साली त्यांनी 'वृक्षवैद्य' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले. या धंद्यातली माणसे दोरावर लोंबकळून काम करू लागली, आणि तागासारख्या वाखाच्या दोराची जागा पुढे नायलॉनसारख्या धाग्यांनी घेतली. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली एक गाठ प्रसिद्ध केली. ती मोकळी असता दोरावर सरकते आणि भार पडताच आवळते. त्याच जातीच्या गाठींवर झाडावरचा माणूस विसंबतो.

आपल्या कोकणातला माडावर चढणारा गडी पायांत दोरीचा फास घालून सरसर वर जातो. त्याचे कसब वादातीत आहे. पण हात सुटला तर त्याला धरायला कोणी नसते. करवत घेऊन चढणाऱ्याला हे परवडणार नाही, कारण त्याच्या हातातले हत्यार त्याचाच दोर कापू शकते. म्हणून कापताना त्याने दोन ठिकाणी बांधलेले असावे: एक मुख्य दोर, आणि दुसरा कमरेपासून खोडाभोवती घेतलेला, आत पोलादी तारांचा गाभा असलेला. एक तुटला तरी दुसरा तारतो. दोर रोज बोटांतून फिरवून तपासावा. कुठे मऊ पडला, चिरला, करपला, तर मोह न धरता फेकून द्यावा.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. गावात फांदी उतरत असेल तेव्हा मुलांना लांब, सुरक्षित जागी उभे करा आणि भुसा दाखवा. टवके पडताहेत की पीठ, हे त्यांना ओळखू द्या. वर माणूस किती ठिकाणी बांधला आहे, हेही मोजायला सांगा. एकाच ठिकाणी दिसला, तर काम थांबवायला सांगण्याचा संकोच धरू नका. फांदी उद्याही उतरवता येईल.