शब्दांच्या जोड्या : मुंबई, मआमीर आणि अंतराची उजळणी

बहरीनच्या मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, सित्रा बेटाजवळ वसलेले मआमीर हे मुळात मासेमारी आणि खजुराच्या बागा यांवर जगणाऱ्या किनारी गावांपैकी एक होते. १९३२ मध्ये जबल दुखान येथे तेल लागले, १९३६ मध्ये गावापासून जवळच तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दशकांत गावाच्या अवतीभवती गॅरेजे, वेल्डिंगची दुकाने, गोदामे आणि लहानमोठे कारखाने उभे राहिले. या औद्योगिक पट्ट्यात येणाऱ्या हिंदुस्थानी कामगाराची अरबीशी पहिली गाठ पडते ती फाटकांवरच्या पाट्यांतून. आत जाण्याच्या वाटेवर ‘मदखल’, बाहेर पडण्याच्या वाटेवर ‘मखरज’, विजेच्या पेटीवर ‘खतर’ आणि बंद दारावर ‘ममनूअ’ असे शब्द असतात. लिपी येत नसल्यामुळे हे चारही शब्द मराठी माणसाला पूर्णपणे परके वाटतात. तथापि ते देवनागरीत लिहून दाखवले, तर ‘दाखल’, ‘खर्च’, ‘खतरा’ आणि ‘मनाई’ या रोजच्या वापरातील शब्दांचे ते सख्खे भाऊबंद आहेत हे त्याच्या ध्यानात येते.

हे नाते समजण्यासाठी अरबी शब्दांची घडण थोडी पाहावी लागते. अरबीत बहुतेक शब्द तीन मूळ व्यंजनांवर उभे असतात, आणि त्या तीन व्यंजनांभोवती स्वर व उपसर्ग बदलत गेले की एकाच कल्पनेच्या निरनिराळ्या छटा तयार होतात. या तीन व्यंजनांना त्या शब्दाचे ‘मूळ’ म्हणतात. ‘ख-र-ज’ या मुळाचा अर्थ बाहेर पडणे, म्हणून बाहेरची वाट ती ‘मखरज’ आणि पदरचे बाहेर पडते तो ‘खर्च’. ‘द-ख-ल’ म्हणजे आत येणे, म्हणून प्रवेशाची वाट ‘मदखल’ आणि आत घेतला गेलेला तो ‘दाखल’. ‘अ-म-ल’ म्हणजे काम करणे. मराठीतील ‘अंमल’ आणि ‘अंमलदार’ हे याच मुळाचे शब्द, तालुक्याचा कारभार पाहणारा ‘मामलेदार’ही त्याच घराण्यातला, आणि मआमीरच्या कार्यशाळेत हातात पाना घेऊन उभा असलेला मजूर अरबीत ‘आमिल’ म्हणवला जातो, तोही तिथलाच. एकाच मुळातून मराठीत अधिकाऱ्याचे नाव निघाले आणि अरबीत कामगाराचे. खुद्द ‘मआमीर’ या नावातही ‘ऐन-मीम-रे’ ही तीन व्यंजने दिसतात, आणि मराठीतील ‘इमारत’ व ‘उमर’ या शब्दांमागेही नेमकी हीच तीन व्यंजने आहेत.

अरबी शब्दांचा हा साठा मराठीत प्रामुख्याने फारसीच्या हातून आला. बहमनी राजवट आणि तिच्यातून निघालेल्या निजामशाही व आदिलशाही यांचा दरबारी कारभार फारसीतून चाले, आणि त्या फारसीत अरबी शब्दांची रेलचेल असे. हिशेब, अर्ज, वकील, हुकूम, तारीख, कलम, वजन ही कचेरीतली नावे आणि खुर्ची, कुलूप, साबण, दुकान ही घरा-बाजारातली नावे अशा रीतीने मराठीत मुरली. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा या साठ्याचा पहिला मोठा हिशेब होय. या कोशाचा हेतू यावनी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणण्याचा असला, तरी त्याची रचना भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने आजही बारकाईने पाहावी अशी आहे. एका बाजूला चालू शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्याचा प्रतिशब्द अशा जोड्या त्यात आहेत, आणि त्या वर्णानुक्रमाने न लावता राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत, म्हणजे शब्द जिथे कामाला येतो त्या जागेप्रमाणे, लावल्या आहेत. किल्लेदाराला लागणारे शब्द एकत्र आणि बाजारात लागणारे शब्द एकत्र, ही मांडणी शिकणाऱ्याच्या दिवसभराच्या कामाला धरून केलेली होती.

मुंबई आणि बहरीन यांच्यातील व्यवहाराने शब्दांची देवाणघेवाण दुसऱ्या दिशेनेही घडवली. इराणच्या आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे तेथील संस्थानांवर देखरेख करणारी कचेरी, १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती. १८८४ मध्ये बहरीनला उघडलेले टपालघर हिंदुस्थानच्या टपालखात्याचे होते आणि तिथे हिंदुस्थानी तिकिटे चालत. चलनही १९६५ मध्ये बहरीनी दिनार येईपर्यंत रुपयाच होते. शेवटची काही वर्षे खास आखातासाठी छापलेला रुपया वापरात होता. बहरीनच्या समुद्रातील मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि मोत्याचा भाव ठरवण्याचे ‘चव’ हे परिमाण दोन्ही किनाऱ्यांवरचे व्यापारी वापरत. या सहवासाचा ठसा बहरीनी बोलीत आजही ऐकू येतो. पंख्याला तिथे ‘बंका’ म्हणतात, बटाट्याला ‘आलू’, पादत्राणाला ‘जूती’, पैशाला ‘बेझात’, कचेरीतल्या कारकुनाला ‘कर्रानी’, आणि आंब्याला ‘हंबा’. सरळ पुढे जा असे सांगायचे असेल, तर बहरीनी माणूस ‘सीदा’ म्हणतो. तेल कंपनीने कारकून आणि कुशल कारागीर हिंदुस्थानातून नेले तेव्हा ते या आधीच निम्म्या ओळखीच्या शब्दांच्या मुलुखात उतरत होते, परंतु ही ओळख करून देणारे पुस्तक त्यांच्या हाती नव्हते. कामाची बोली म्हणून आखातभर एक मोडकी अरबी रूढ झाली, जिच्यात क्रियापदांची रूपे जवळजवळ गळून पडली आणि ‘फी’ या एका शब्दावर ‘आहे’, ‘असते’, ‘होते’ असे सगळे भागवले जाऊ लागले. ही बोली परस्परांची नड भागवते, मात्र तिच्यावर विसंबलेला माणूस वीस वर्षांनंतरही तिथल्या शेजाऱ्याशी सुखदुःखाच्या चार गोष्टी बोलू शकत नाही.

शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवण्याची रीत मात्र मराठी घरांना नवी नव्हती. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर मुलांनी पाढे, पावकी-निमकी आणि श्लोक मोठ्याने म्हणायचे, याला ‘परवचा’ म्हणत. शिकलेले विसरायच्या आत पुन्हा म्हणून घेण्याला ‘उजळणी’ हा शब्द आहे, आणि त्यात मळलेले भांडे पुन्हा उजळ करण्याची कल्पना आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर वाढल्या, आणि त्या पाठांचा क्रमही असाच होता: आधी शब्दांच्या जोड्या, मग नियम, मग दोन्ही बाजूंनी भाषांतर. त्या पाठमालेचे बळ हे की ती मराठी मुलाला नेमके काय अडते हे धरून चालते.

उजळणी किती अंतराने करावी याचा शास्त्रीय शोध जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस यांनी घेतला. निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून आणि ठरावीक काळाने स्वतःचीच परीक्षा घेऊन त्यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, पुढे तो मंदावतो, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी कमी कष्टांत अधिक टिकते. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात यासाठी फ्लॅशकार्डे ठेवण्याची कप्प्यांची पेटी सुचवली. फ्लॅशकार्ड म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेली चिठ्ठी. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी समोर येते, चुकले की पहिल्या कप्प्यात परतते. पोलंडमधील प्योत्र वोझ्निअक यांनी हीच कल्पना १९८५ मध्ये आधी कागदावर गणिताने बांधली आणि १९८७ मध्ये संगणकावर उतरवली. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणलेल्या ‘अंकी’ या संगणकप्रणालीने सुरुवातीला त्याच गणिताचा आधार घेतला. तिचे नाव पाठांतर या अर्थाच्या जपानी शब्दावरून आले आहे, आणि तिची संहिता कोणालाही पाहता येते. २०१२ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘ड्युओलिंगो’ने खेळाचे रूप देऊन कोट्यवधी लोकांना भाषाशिक्षणाकडे वळवले, आणि त्यानंतर मोबाइलवर भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपांची अक्षरशः झुंबड उडाली.

या गर्दीत नव्या अ‍ॅपचे वेगळेपण कशात असावे, हा प्रश्न बहुधा यंत्राच्या अंगाने विचारला जातो: अंतर मोजण्याचे गणित अधिक अचूक करावे, रंग व आवाज अधिक आकर्षक करावेत, रोज न चुकता येणाऱ्याला बक्षिसे द्यावीत. वर सांगितलेला इतिहास पाहिला, तर उत्तर या बाजूला सापडत नाही. उजळणीचे तंत्र परवचापासून आजवर सर्वांच्या मालकीचे राहिले आहे, आणि २०२३ मध्ये अंकीत आलेले नवे गणितसुद्धा खुलेच आहे. जे कोणालाही घेता येते त्यावर कोणाचे वेगळेपण उभे राहत नाही. राज्यव्यवहारकोश किंवा तर्खडकरांची पाठमाला यांना त्यांची जागा मिळाली ती शब्द कोणासाठी निवडले, कोणत्या कामाच्या क्रमाने लावले आणि शिकणाऱ्याच्या तोंडी आधी कोणती भाषा आहे हे ओळखले म्हणून. आजची मोठी अ‍ॅपे अरबी शिकवतात ती बहुतांशी इंग्रजीच्या आधाराने, आणि शिकवतात ती ‘फुसहा’, म्हणजे वृत्तपत्रांत व भाषणांत वापरली जाणारी प्रमाण अरबी. इंग्रजीतून येणाऱ्या विद्यार्थ्याला ‘साबून’, ‘कुर्सी’, ‘हिसाब’, ‘दुक्कान’ हे शब्द एकेक करून पाठ करावे लागतात. मराठी माणसाला ते नुसते दाखवून द्यायचे असतात. मराठीसाठी रचलेल्या कार्डांच्या संचातले पहिले शंभर शब्द म्हणूनच त्याच्याजवळ आधीपासून असलेले असावेत, आणि त्यांच्या आधाराने लिपी शिकवावी, म्हणजे अक्षर नवे आणि शब्द जुना अशी एका वेळी एकच अडचण समोर येते. माधव जूलियन यांचा १९२५ चा ‘फार्सी-मराठी कोश’ आणि मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश, ज्यात अरबी-फारसी मुळाच्या शब्दांपुढे तशी खूण केलेली आढळते, ही अशा संचासाठी तयार पडलेली खाण आहे. ती आजवर कोणी पुरेशी खणलेली नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

शिकणारेही एकसारखे नसतात. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान कुटुंबांत आखातातील नोकरीची जुनी परंपरा आहे, आणि तिथल्या अनेकांना कुराणपठणामुळे अरबी अक्षरे लहानपणापासून वाचता येतात, परंतु वाचलेल्याचा अर्थ लागतोच असे नाही. घाटावरून गेलेल्या कामगाराला अक्षरच येत नाही. पहिल्याच्या कार्डावर अरबी लिपी पुढे आणि अर्थ मागे असावा. दुसऱ्याच्या कार्डावर आवाज पुढे, देवनागरी त्याच्या पाठोपाठ आणि अरबी लिपी सर्वांत शेवटी असावी. आवाज कोणाचा, हाही प्रश्न साधा नाही. बहरीनमध्ये ‘अरब’ आणि ‘बहारना’ अशा दोन समाजांच्या दोन बोली आहेत, ज्यांची तपशीलवार नोंद क्लाइव्ह होल्स या अभ्यासकाने केली आहे. अरब बोलीत ‘ज’चा पुष्कळदा ‘य’ होतो आणि कोंबडीचे ‘दियाय’ होते, तर बहारना बोलीत तो ‘ज’ टिकून राहतो. म्हणून एकाच आवाजात ध्वनिमुद्रित केलेला संच बहरीनच्या निम्म्या घरांत परका ठरेल.

जवळच्या शब्दांत फसवेगिरीही पुष्कळ असते, आणि मराठीतून येणाऱ्याला सर्वांत जास्त धोका तिथेच आहे, कारण ओळखीचा शब्द ऐकला की अर्थ कळल्याचा भास होतो. ‘शराब’ म्हणजे अरबीत कोणतेही पेय. ‘तारीख’ म्हणजे दिनांकाप्रमाणेच इतिहास. ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी माणूस. परमुलुखातल्या एकट्या माणसाची दैना फारसीच्या वाटेने या शब्दात शिरली आणि मराठीपर्यंत येताना त्याचा अर्थ दरिद्री असा झाला. त्यामुळे ‘गरीब’ या कार्डाच्या मागे ‘परका’ एवढे लिहून भागत नाही. ज्याच्याजवळ काही नाही अशा माणसाला अरबीत ‘फकीर’ म्हणतात हेही तिथेच सांगावे लागते, आणि मराठीत ‘फकीर’ म्हटले की झोळी घेतलेला साधू डोळ्यांपुढे उभा राहत असल्यामुळे त्या शब्दाचे वेगळे कार्ड करून ते याच्या लगेच मागे, पहिल्याच कप्प्यात, ठेवावे लागते.