इब्ने सफी आणि एका नुक्त्याचा फरक

उर्दू लिपीत नुक्त्याला फार जपावे लागते. ‘खुदा’च्या डोक्यावरचा ठिपका पोटात गेला की ‘जुदा’ होतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला उर्दू जासुसी पुस्तकांच्या बाजारात हीच करामत पैशासाठी वापरली गेली. ‘इब्न’ या शब्दातल्या ‘बे’खाली एक नुक्ता असतो. तिथे दोन दिले की तो ‘ये’ होतो आणि ‘इब्न’चा ‘एन’ होतो. गर्दीच्या स्टॉलवर घाईघाईने पुस्तक उचलणाऱ्याला इब्ने सफी आणि एन. सफी यांतला फरक कुठून कळणार? दुसरा एक महाभाग ‘इब्बन सफी’ झाला. तिथे तर ठिपकाही हलवावा लागला नाही, कारण जोडाक्षराची ‘तश्दीद’ छपाईत बहुधा गाळलीच जाते. शिवाय कुणी नजमा सफीही होत्या.

ज्याच्या नावावर हा धंदा चालला होता त्याचे खरे नाव असरार अहमद. जन्म १९२८चा, गाव अलाहाबाद जिल्ह्यातले नारा. वडील सफीउल्लाह, म्हणून इब्ने सफी, सफीचा मुलगा. मार्च १९५२ मध्ये अलाहाबादहून अब्बास हुसैनी यांनी ‘जासूसी दुनिया’ सुरू केली आणि फरीदी-हमीद ही जोडी जन्माला आली. त्याच वर्षी लेखक कराचीला गेला. पण पुस्तके सीमेच्या दोन्ही बाजूंना छापली जात राहिली. फाळणीनंतर फार थोड्या गोष्टींना हे भाग्य लाभले.

१९५५ मध्ये आला अली इमरान. गुप्तचर खात्यातल्या बड्या अधिकाऱ्याचा, बापाने घराबाहेर काढलेला, वरकरणी ठार मूर्ख दिसणारा मुलगा. प्रत्यक्षात तोच सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख ‘एक्स-टू’, आणि हे त्याच्या हाताखालच्या माणसांनाही ठाऊक नाही. मराठी वाचकाने अर्नाळकरांच्या झुंजारची लोकप्रियता आठवावी, म्हणजे इमरानच्या वेडाचा अंदाज येईल.

१९६० मध्ये इब्ने सफी गंभीर मानसिक आजाराने खाटेला खिळले. लेखणी तीन वर्षे बंद. वाचक मात्र थांबायला तयार नव्हता, आणि तो थांबत नाही हे काही प्रकाशकांनी बरोबर हेरले. इमरानच्या नव्या गोष्टी येत राहिल्या. त्यात खून, तळघरे, टोळ्या, इमरानचे वेडगळ कपडे असे सगळे होते. हुबेहूब उतरत नव्हती ती भाषा. खरा इमरान बडबडतो तेव्हा गालिबच्या शेराची मोडतोड करता करता समोरच्याचा पाणउतारा करतो. ते लिहायला गालिब आधी मुरलेला असावा लागतो. नकली इमरान नुसताच बाष्कळ बोलतो.

कराचीच्या हकीम इक्बाल हुसैन यांच्या उपचारांनी इब्ने सफी बरे झाले आणि १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ आली. भारतात तिचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. ते तेव्हा नुकतेच गृहमंत्रीपदावरून पायउतार झाले होते. जासुसी पुस्तकाला असा मान क्वचितच मिळतो.

आता थोडे अवघड बोलू. दुसऱ्याच्या पात्रावर लिहिणे म्हणजे चोरीच, असे सरसकट म्हणायचे तर या विधेचा अर्धा इतिहास तुरुंगात टाकावा लागेल. १९०६ मध्ये मॉरिस लब्लांने फ्रेंच कथेत चक्क शेरलॉक होम्सला आणून आपल्या ल्यूपाँसमोर उभे केले. कॉनन डॉयलने हरकत घेतल्यावर नावातली अक्षरे फिरवून त्याचा ‘हरलॉक शोम्स’ केला. म्हणजे अक्षरांची ही चलाखी पॅरिसमध्ये आधीच झालेली होती. पुढे तोच ल्यूपाँ पोलीस अधिकारी जफर उमर यांच्या ‘नीली छतरी’तून बहराम बनून उर्दूत आला. खुद्द इब्ने सफींच्या पहिल्या ‘दिलेर मुजरिम’चे कथानक व्हिक्टर गन या इंग्रजी लेखकाचे. पण काही कथानके उसनी आहेत हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले.

माझ्या दृष्टीने हे सांगणे महत्त्वाचे आहे. म्हणूनच मुलतानचे वकील मजहर कलीम यांना एन. सफींच्या रांगेत उभे करणाऱ्या उर्दूतल्या शुद्धतावाद्यांशी माझे जमत नाही. कलीम यांनी इमरानवर शेकड्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा इमरान अधिक मारधाड करतो, हसवतो कमी. जवाना आणि टायगर ही पात्रे त्यांची स्वतःची. ती वाचताना मला मूळ इमरानची आठवण सतत छळते, ही तक्रार आहेच. पण प्रत्येक मुखपृष्ठावर नाव मजहर कलीम असेच होते, आणि ते वाचायला कुणाला नुक्ते मोजावे लागले नाहीत. इब्ने सफी १९८० मध्ये गेले, मजहर कलीम २०१८ मध्ये. मधली अडतीस वर्षे इमरान बेघर झाला नाही, याचे बरेचसे श्रेय त्यांचे आहे.