ऐकीव पुराव्यावरचा निवाडा

ऐकीव माहितीला न्यायालयात सहसा थारा नाही. एखादा शब्द उच्चारला गेला हे सिद्ध करावयाचे, तर ज्याने तो स्वतःच्या कानांनी ऐकला त्यानेच साक्षीस उभे राहिले पाहिजे, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ६० व्या कलमाने ठरविले. २०२३ च्या नव्या अधिनियमानेही हा दंडक मोडलेला नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणास हीच कसोटी लावून पाहावी, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत आले आहे.

१७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदविणारे ते काम प्रचंड, यात शंका नाही. परंतु त्याची रीत पाहावी. बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत स्थानिक बोलीत उतरवून पाठवावा, सोबत तिकडचीच एखादी कहाणी आणि ठराविक शब्दांची यादी भरून द्यावी, असे जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांस कळविण्यात आले. बोलणारा एक, ऐकून लिहिणारा दुसरा, निवाडा करणारा तिसरा. आणि १९०३ पासून खंड छापून निघू लागले तेव्हा हा तिसरा इंग्लंडात होता! हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने आणि मद्रास इलाखा तर मुळातच वगळलेले. म्हणजे मराठवाडा आणि मंगळूर दोन्ही पाहणीच्या सीमेबाहेर. अशा कागदपत्रांवरून १९०५ च्या सातव्या खंडात कोंकणीची नोंद मराठीची बोली म्हणून झाली, आणि पुढे कित्येक वर्षे वादी लोक ती नजीर म्हणून पुढे करीत राहिले.

कागदावर काय हरवते? 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. या दोहोंतील 'ज' निराळा आहे हे मराठी कानास तत्काळ कळते, देवनागरीस कळत नाही. कोंकणीत तर 'ए' आणि 'ओ' यांचे विवृत व संवृत असे भेद आहेत, त्यांनी अर्थ पालटतो. नित्याच्या लेखनात मात्र चिन्ह एकच.

ही उणीव सर्वेक्षणाच्या चालकांस जाणवली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९१३ पासून बोलणाऱ्यांचेच आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यास आरंभ झाला. त्यांतील पुष्कळ आज कोणासही ऐकता येतात. पण साक्षीदार आला तो निवाड्यानंतर. पुढे कोंकणी ज्यांच्या घरचीच होती त्या डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ मध्ये तिच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. साहित्य अकादमीची मान्यता १९७५ ची, गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ चा, आठव्या अनुसूचीतील प्रवेश १९९२ चा.

आता यंत्रास ऐकावयास शिकविणे चालू आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'भाषिणी' या सरकारी उपक्रमात मराठी आणि कोंकणी दोन्ही आहेत. अशा यंत्रांस तासन्‌तास मुद्रित बोलणे पुरवावे लागते आणि ते ऐकून लिहून काढणारा माणूस येथेही मध्ये असतोच. आमच्याकडे देवळाच्या चौकात गाऱ्हाणे घातले जाते ते कोंकणीत, आणि घटकाभराने तोच मनुष्य टाळ घेऊन मराठी अभंग म्हणू लागतो. त्या मुद्रणावर भाषेचे एकच नाव घालावयाचे झाले, तर लिहिणाऱ्याने आधी एकदा त्या चौकात येऊन बसावे, एवढीच आमची विनंती.