हजेरीच्या वहीतला माणूस आणि ‘फकिरा’

कृष्णा आणि तारळीच्या संगमावर वसलेल्या उंब्रजहून कराड ओलांडून दक्षिणेकडे गेले की वाळवा तालुक्यात वाटेगाव लागते. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे तेथे जन्मले, तेव्हा मात्र हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत असे. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो अण्णा भाऊ साठे या नावाने.

साहसी कादंबरीकार म्हटले की अमेरिकेचा जॅक लंडन आठवतो. दारिद्र्य, अंगमेहनत, स्वतःच मिळवलेले शिक्षण, समाजवादी विचार आणि अकाली मृत्यू या साऱ्यांत अण्णा भाऊंचे त्याच्याशी नाते दिसते. पण लंडन १८९७ साली सोन्याच्या शोधात क्लोंडाइकच्या बर्फात गेला तो स्वतःच्या निवडीने. अण्णा भाऊ जेमतेम अकरा-बारा वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला निघाले. त्या पायपिटीला साहस म्हणणे म्हणजे भुकेला शोभिवंत नाव देणे होय.

लंडनला १८९४ मध्ये भटकेगिरीच्या आरोपावरून तीस दिवस तुरुंगवास घडला. इकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मच गुन्हा ठरवला होता. १९११ च्या सुधारणेनंतर त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचली. नोंद झालेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. गावात चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावरच! मांग समाजात जन्मलेल्या अण्णा भाऊंनी हा जाच जवळून पाहिला होता.

हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि १९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक वाटेगावचाच, अण्णा भाऊंच्या नात्यातला. दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना वाटणारा, इंग्रजांचा खजिना लुटणारा हा मांग तरुण सरकारदरबारी दरोडेखोर होता. गावच्या आठवणीत तो वीर होता. अण्णा भाऊंनी गावची बाजू लिहून काढली. कादंबरी हा दस्तऐवज नव्हे, हे मान्यच. पण पोलिसांची वही तरी तटस्थ कुठे होती? तिच्यात फकिरासारख्याचा गुन्हा सापडेल, दुष्काळ सापडणार नाही.

शाळेशी अण्णा भाऊंचा संबंध जवळपास आलाच नाही. मुंबईत गिरणीकामासह पडेल ते काम करत, दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी अक्षरे पक्की केली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गावोगाव गाजली. शाहिराच्या या कीर्तीत कादंबरीकार थोडा झाकोळला, हे त्यांच्या वाचकांचे दुर्दैव.

‘फकिरा’ त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, प्रस्तावना वि. स. खांडेकरांची होती. १९६१ मध्ये राज्य शासनाने तिला पुरस्कार दिला. त्याच वर्षी अण्णा भाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावरही त्यांनी पुस्तक लिहिले. त्यांचे बरेचसे लेखन मात्र घाटकोपरच्या चिरागनगरमधील झोपडीत झाले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. कायदा रद्द होऊन तेव्हा सतरा वर्षे उलटली होती. गावात चोरी झाल्यावर पहिला संशय कोणावर घ्यायचा, हे मात्र पुष्कळ ठिकाणी तसेच राहिले होते.